सहा कार्बनचं रिंगण

१८२०च्या दशकातल्या लंडनमध्ये दिव्याचा गॅस घरात दोन प्रकारे यायचा. रस्त्याखालून नळ गेला असेल तर नळानं, नसेल तर भांड्यात भरून. हे दुसरं काम पोर्टेबल गॅस कंपनी करायची. लालभडक तापलेल्या भट्टीत व्हेलचं किंवा माशाचं तेल थेंबाथेंबानं सोडायचं, त्याचा जो वायू होईल तो हवेच्या तीसपट दाबाखाली धातूच्या भांड्यात कोंबायचा आणि गिऱ्हाइकाच्या दारी नेऊन पोचवायचा. एवढ्या दाबाखाली वायूचा काही भाग द्रव होऊन तळाशी साठत असे. हजार घनफूट गॅसमागे साधारण एक गॅलन.

हा तळाचा द्रव मायकेल फॅरडेच्या हाती आला. फॅरडे लोहाराचा मुलगा. शाळा फारशी झालेली नाही, पुस्तकं बांधायच्या दुकानात उमेदवारी केलेली, आणि बांधता बांधता तीच पुस्तकं वाचून शिकलेला. आता तो लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये काम करत होता. त्यानं तो द्रव हळूहळू तापवला आणि वेगवेगळ्या तापमानाला जे उकळून बाहेर पडेल ते वेगवेगळ्या बाटल्यांत धरलं. कंटाळवाणं काम. तेच ते पुन्हा उकळायचं, पुन्हा वेगळं करायचं. होता होता लक्षात आलं की ८० ते ८५ अंश सेल्सिअसच्या आसपास निघणारा भाग सगळ्यांत जास्त आहे. तो त्यानं बर्फ-मिठाच्या थंडीत ठेवला. त्याचे पांढरे स्फटिक झाले. न गोठलेला भाग दाबून, टिपून काढला. उरला तो रंगहीन, विशिष्ट वासाचा, अगदी शुद्ध पदार्थ. साडेपाच अंशांना गोठणारा. म्हणजे आपल्या फ्रिजमध्ये ठेवला तर दगड होईल. (ठेवायचा नाही. का ते पुढे येईल.)

१६ जून १८२५ रोजी फॅरडेनं रॉयल सोसायटीपुढे या पदार्थावरचा निबंध वाचला. त्याच्या मोजमापाप्रमाणे त्यात फक्त कार्बन आणि हायड्रोजन होते, वजनात बाराला एक. यालाच आज आपण बेंझीन म्हणतो. फॅरडेनं काढलेला नमुना रॉयल इन्स्टिट्यूशननं अजून जपून ठेवलेला आहे.

आठ वर्षांनी बर्लिनमध्ये आयल्हार्ट मिचेर्लिख नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला तोच पदार्थ एका भलत्याच वाटेनं मिळाला. आपल्याकडे धुपासाठी निखाऱ्यावर ऊद टाकतात ना, त्याच उदापासून एक आम्ल निघतं. ते आम्ल त्यानं चुन्याबरोबर तापवलं आणि बेंझीन बाहेर पडलं. एकीकडे व्हेलचं तेल, दुसरीकडे सुगंधी झाडाचा डीक, आणि दोहोंच्या पोटात एकच पदार्थ.

पुढे १८४५ मध्ये ऑगस्ट हॉफमन या जर्मन प्राध्यापकाला बेंझीन सापडलं ते सगळ्यांत घाणेरड्या जागी, दगडी कोळशाच्या डांबरात. कोळशापासून गॅस काढताना हे काळं, चिकट डांबर ढिगानं उरायचं आणि त्याचं करायचं काय हा गॅसवाल्यांपुढचा प्रश्न होता. हॉफमन तेव्हा लंडनमध्ये शिकवत होता. त्याचा विद्यार्थी चार्ल्स मॅन्सफिल्ड यानं डांबरातून बेंझीन मोठ्या प्रमाणावर काढायची पद्धत बसवली. १८५५च्या फेब्रुवारीत पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बेंझीन तयार करताना त्याचं पात्र उतू गेलं आणि भडकलं. जळतं पात्र उचलून बाहेर नेण्यासाठी तो धावला. त्यात इतका भाजला की काही दिवसांनी गेला. वय अवघं ३५.

त्याच हॉफमनचा दुसरा विद्यार्थी विल्यम पर्किन. वय १८. १८५६ची ईस्टरची सुट्टी, घरातली छोटीशी प्रयोगशाळा. हिवतापावरचं क्विनीन कृत्रिम रीतीनं करता येतं का, हे तो बघत होता. ब्रिटिशांना हिंदुस्थानासारख्या देशांत क्विनीन सतत लागायचं आणि ते झाडाच्या सालीतून मिळायचं, महाग. पर्किननं बेंझीनपासून होणारं अ‍ॅनिलीन घेऊन प्रयोग केला. क्विनीन काही झालं नाही. काळा गाळ झाला. गाळ धुताना त्यातून जांभळा रंग सुटला, आणि रेशमावर असा बसला की जाईना. पर्किननं कॉलेज सोडून वडील आणि भावाच्या मदतीनं रंगाचा कारखाना काढला. बघता बघता सगळ्या युरोपात डांबरापासून रंग करणारे कारखाने उभे राहिले.

गंमत अशी की ज्या बेंझीनवर हा सगळा व्यापार चालला होता, त्याचा रेणू आतून कसा जोडलेला आहे हे कारखानदारांना ठाऊक नव्हतं आणि प्राध्यापकांनाही नव्हतं.

अडचण कुठे होती ते नीट बघू. बेंझीनच्या एका रेणूत सहा कार्बन आणि सहा हायड्रोजन असतात, इतकं ठरलेलं होतं. १८५८ मध्ये दोघांनी, एकमेकांना न कळता, आणखी दोन गोष्टी सांगितल्या. कार्बनचा प्रत्येक अणू चार बंध करतो, हायड्रोजनचा एकच. आणि कार्बनचे अणू एकमेकांना जोडून लांब साखळ्या करू शकतात. या दोघांपैकी एक ऑगस्ट केकुले, जर्मन. दुसरा आर्चिबाल्ड स्कॉट कूपर, स्कॉटलंडचा, तेव्हा पॅरिसमध्ये काम करणारा. कूपरचा निबंध त्याच्या वरिष्ठांकडे पडून राहिला आणि केकुलेचा आधी छापून आला. कूपर वरिष्ठांशी भांडला, प्रयोगशाळेबाहेर पडला, पुढे त्याचं मन आजारी झालं आणि उरलेलं सारं आयुष्य आईनं त्याला सांभाळलं. रेणू काढताना अणूंच्या मध्ये रेघ मारायची पद्धत त्याचीही आहे. तुम्ही वहीत ती रोज वापरता.

तर सहा कार्बनची साखळी करा. पुढच्या-मागच्या शेजाऱ्याला धरून जे बंध उरतील त्यांवर हायड्रोजन बसवा. दोन्ही टोकांच्या कार्बनवर तीन-तीन, मधल्या चारांवर दोन-दोन. झाले १४. असा पदार्थ आहे, पेट्रोलमध्येही असतो, त्याला हेक्झेन म्हणतात. बेंझीनमध्ये मात्र १४च्या जागी सहाच. आठ हायड्रोजन गायब! ज्या पदार्थात हायड्रोजन असे कमी पडतात तिथे कार्बनच्या अणूंमध्ये दुहेरी बंध असतात, आणि असा पदार्थ अधाशी असतो. त्यात तांबूस ब्रोमीनचे थेंब टाकले की तो ब्रोमीन लगेच पोटात घेतो आणि रंग नाहीसा होतो. बेंझीनमध्ये ब्रोमीन टाका. काहीही होत नाही, रंग तसाच. इतका उपाशी असूनही बेंझीनला भूक नव्हती. बळजबरी केलीच, तर एक हायड्रोजन सोडून त्या जागी एक ब्रोमीन घ्यायचं. बेरीज नाहीच, नुसती अदलाबदल.

आता केकुले. १८२९ मध्ये डार्मश्टाट गावी जन्मलेला. वडिलांच्या इच्छेप्रमाणे वास्तुशास्त्र शिकायला गीसनच्या विद्यापीठात गेला आणि तिथे लीबिख या थोर रसायनशास्त्रज्ञाची व्याख्यानं ऐकून घरं बांधायचं सोडून रेणू बांधायच्या नादी लागला. त्याच्या तरुणपणची एक चमत्कारिक हकिगत आहे. डार्मश्टाटमध्ये त्याच्या घरासमोर राहणारी एक श्रीमंत सरदारीण १८४७ मध्ये जळून मेली. आधी लोकांना वाटलं, तिनं आपोआप पेट घेतला. मग कळलं की नोकरानं खून करून दागिने लांबवले होते. चोरीच्या मालात एक अंगठी होती, एकमेकांत गुंतलेल्या दोन सापांची. १८५०च्या खटल्यात लीबिखनं तज्ज्ञ म्हणून मत दिलं आणि शेजारी म्हणून केकुलेची साक्ष झाली. ती अंगठीच पुढे त्याच्या डोक्यात राहिली, असं सांगणारे लोक आहेत. मला ते ओढूनताणून जुळवलेलं वाटतं. पण अंगठीची गोष्ट खरी आहे.

१८५८ मध्ये केकुले बेल्जियमच्या गेंट शहरात प्राध्यापक झाला. तिथल्या गॅस कारखान्याच्या संचालकाच्या मुलीशी, स्टेफनीशी, त्याचं लग्न झालं. वर्षभरातच मुलाच्या जन्मानंतर ती वारली. तान्ह्या मुलाचा बाप झालेल्या या माणसाचं लिखाण त्यानंतर बराच काळ मंदावलं. जानेवारी १८६५ मध्ये पॅरिसच्या रासायनिक संस्थेपुढे त्याचा फ्रेंच भाषेतला छोटा निबंध वाचला गेला. सांगणं एवढंच: बेंझीनमधल्या सहा कार्बनची साखळी उघडी नाही. तिची दोन टोकं एकमेकांना जोडलेली आहेत.

साखळी बंद केली की हिशेब आपोआप जुळतो. प्रत्येक कार्बनच्या दोन्ही बाजूंना शेजारी. एका शेजाऱ्याशी दुहेरी बंध, दुसऱ्याशी एकेरी, झाले तीन. चौथ्यावर एक हायड्रोजन. सहा कार्बन, सहा हायड्रोजन, उरलंसुरलं काही नाही. त्या निबंधात आजचा सुबक षट्कोन मात्र शोधू नका. केकुले तेव्हा अणू लांबट सॉसेजसारखे काढायचा, आणि साखळी मिटलेली आहे हे टोकांच्या खुणांवरून समजून घ्यायचं होतं. षट्कोन नंतर आला.

ही कल्पना त्याला कुठून सुचली? पंचवीस वर्षांनी, ११ मार्च १८९० रोजी, बर्लिनच्या नगरभवनात त्याचा मोठा सत्कार झाला. बेंझीनच्या रिंगणाचा रौप्यमहोत्सवच तो. रंगांच्या धंद्यातले लोकही त्यात सामील होते. तिथे म्हाताऱ्या केकुलेनं सांगितलं की गेंटमध्ये एका रात्री तो पाठ्यपुस्तक लिहीत बसला होता, काम पुढे सरकेना, म्हणून खुर्ची शेकोटीकडे वळवली आणि डुलकी लागली. डोळ्यांपुढे अणू नाचू लागले, लांबच लांब ओळी करून सापासारखे वळवळू लागले, आणि त्यांतल्या एका सापानं आपलीच शेपटी तोंडात धरली. वीज चमकावी तसा तो जागा झाला आणि उरलेली रात्र त्यानं ती कल्पना तपासण्यात घालवली.

मला या सापाचा जरा राग आहे. जगभरच्या पुस्तकांत बेंझीनची गोष्ट म्हणजे केकुलेचं स्वप्न, एवढंच उरलं. हा माणूस सत्काराच्या भाषणात किस्सा रंगवून सांगत होता, हेही लोक विसरतात; आणि स्वप्नं बघा, पण जागेपणी तपासल्याशिवाय छापू नका, असं त्याच भाषणात त्यानं बजावलं होतं, हेही. शिवाय त्याच्याआधी चार वर्षं, १८६१ मध्ये, व्हिएन्नातल्या योहान लोश्मिट नावाच्या शाळामास्तरानं स्वखर्चानं एक पुस्तिका छापली होती. तिच्यात शेकडो रेणूंची चित्रं होती आणि बेंझीनसाठी त्यानं चक्क एक वर्तुळ काढलं होतं. आतली रचना नक्की सांगता येत नाही, असंही त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं होतं, त्यामुळे शोध त्याचाच, असं काही मी म्हणणार नाही. पण ती पुस्तिका केकुलेला माहीत होती. १८६२च्या जानेवारीत एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यानं तिची टिंगल केली आहे.

टिंगल केकुलेच्याही वाट्याला आली. १८८६ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी आपल्याच गंभीर नियतकालिकाची नक्कल करून एक थट्टेचा अंक काढला. त्यात सहा माकडं एकमेकांचे हातपाय धरून फेर धरून बसलेली दाखवली होती. जिथे दुहेरी बंध, तिथे शेपट्याही गुंफलेल्या.

एखादी कल्पना सुचणं वेगळं आणि ती खरी ठरणं वेगळं. रेणू दिसत नाही. त्या काळचा सूक्ष्मदर्शक तिथवर पोचायचा प्रश्नच नव्हता. मग रिंगण आहे की साखळी, हे ठरवायचं कसं? उत्तर आहे: मोजून. आणि हे मोजणं तुम्हालाही करता येईल.

सहा मुलांना एकमेकांचे हात धरून कडं करून उभं करा. एकाच्या डोक्यावर लाल टोपी घाला. किती वेगवेगळी कडी होतील? एकच. कारण टोपी कोणाच्याही डोक्यावर असली तरी कडं फिरवलं की सारखंच दिसतं. आता तीच सहा मुलं एका रांगेत उभी करा. टोपी टोकाच्या मुलाला, दुसऱ्याला किंवा तिसऱ्याला देता येते. म्हणजे तीन प्रकार. आता टोपीच्या जागी ब्रोमीनचा अणू समजा. बेंझीन साखळी असतं, तर एका हायड्रोजनच्या जागी ब्रोमीन घालून तीन वेगवेगळे पदार्थ मिळायला हवे होते. वेगळे म्हणजे वेगळ्या तापमानाला उकळणारे, वेगळ्या तापमानाला गोठणारे. रसायनशास्त्रज्ञांनी जंग जंग पछाडलं, पण पदार्थ एकच मिळाला.

आता दोन टोप्या. कड्यात त्या शेजारी-शेजारी असतील, किंवा मध्ये एक मूल सोडून, किंवा अगदी समोरासमोर. तीन प्रकार, चौथा नाही. ब्रोमीनचे दोन अणू घालून मिळणारे पदार्थही तीनच निघाले. यांना ऑर्थो, मेटा आणि पॅरा अशी नावं आहेत.

इथपर्यंत केकुले आला. पण तीन बाटल्यांत तीन पदार्थ असतील, तर कोणत्या बाटलीत शेजारचं आणि कोणत्या बाटलीत समोरासमोरचं, हे कसं ओळखायचं? बाटलीवर तर लिहिलेलं नसतं. हे कोडं सोडवलं गेंटमधला केकुलेचाच मदतनीस विल्हेल्म क्योर्नर यानं. प्रकृती बरी नसायची म्हणून तो १८६७ मध्ये उबदार सिसिलीत, पालेर्मोला गेला आणि मग इटलीचाच झाला. त्याची युक्ती ऐका. तीनही बाटल्यांतल्या पदार्थांवर आणखी एक, वेगळी टोपी घालायची, पांढरी म्हणू या. दोन लाल टोप्या समोरासमोर असतील, तर उरलेल्या चारही जागा सारख्याच. पांढरी कुठेही घाला, नवा पदार्थ एकच. लाल टोप्या शेजारी असतील, तर दोन पदार्थ होतात. एक सोडून असतील, तर तीन. कागदावर कडं काढून बघा, पटेल. म्हणजे बाटलीतल्या पदार्थाला विचारायचंच नाही की तू कोण. त्याची पोरं किती ते मोजायचं. एक, दोन की तीन.

सांगायला हे मिनिटभराचं काम आहे. करायला वर्षं गेली. प्रत्येक वेळी जे मिश्रण मिळेल ते वेगळं करायचं, स्फटिक करायचे, वितळणबिंदू पाहायचा, आणि एखादा प्रकार नजरेतून निसटला तर सगळा हिशेब चुकायचा. क्योर्नरनं शंभरावर नवे पदार्थ तयार केले आणि १८७४ मध्ये इटालियन भाषेत आपला दीर्घ निबंध छापला. माझ्या लेखी बेंझीनच्या रिंगणाचा खरा पाया इथे घातला गेला. पण त्याला स्वप्न पडलं नव्हतं, म्हणून त्याचं नाव कोणी घेत नाही.

तरी दोन शंका उरल्याच. पहिली आल्बर्ट लाडेनबुर्ग या केकुलेच्या एका जुन्या विद्यार्थ्याची. तो म्हणाला, कड्यात दुहेरी बंध एकाआड एक आहेत ना? मग शेजारच्या दोन टोप्यांचे दोन प्रकार व्हायला हवेत. मध्ये दुहेरी बंध असलेला आणि एकेरी बंध असलेला. प्रत्यक्षात एकच आहे. शंका चोख होती. लाडेनबुर्गनं स्वतः बेंझीनसाठी तंबूसारख्या आकाराचा, म्हणजे त्रिकोणी लोलकाचा नमुना मांडला, आणि त्यातही टोप्यांचा हिशेब तंतोतंत तितकाच येतो! पण लोलक खरा असता तर काही पदार्थांच्या डाव्या-उजव्या, आरशातल्या प्रतिमेसारख्या जोड्या सापडायला हव्या होत्या, त्या कधी सापडल्या नाहीत. लोलकाच्या आकाराचा रेणू पुढे १९७३ मध्ये रसायनशास्त्रज्ञांनी खरंच तयार केला. त्याचे गुण बेंझीनसारखे मुळीच नाहीत. लाडेनबुर्गला केकुलेनं १८७२ मध्ये उत्तर दिलं ते असं: दुहेरी बंध एका जागी बसतच नाहीत, ते सतत जागा बदलत असतात, म्हणून दोन्ही प्रकार एकच होऊन जातात. पुराव्याविना दिलेलं उत्तर होतं. अर्धं बरोबरही होतं.

दुसरी शंका जुनीच: दुहेरी बंध असून बेंझीनला भूक का नाही?

या शंका फिटायला विसावं शतक उजाडावं लागलं. कॅथलीन लॉन्सडेल आयर्लंडमध्ये १९०३ मध्ये जन्मली, दहा भावंडांतली शेंडेफळ. पुढे कुटुंब इंग्लंडला आलं. मुलींच्या शाळेत भौतिकशास्त्र आणि वरचं गणित शिकवत नसत, म्हणून या विषयांसाठी ती मुलांच्या शाळेत जाऊन बसायची. सोळाव्या वर्षी कॉलेजात. १९२२च्या लंडन विद्यापीठाच्या परीक्षेत पहिली. क्ष-किरणांनी स्फटिकांच्या आतली रचना शोधणाऱ्या विल्यम ब्रॅगनं तिला लगेच आपल्याकडे घेतलं. लग्नानंतर ती लीड्सला गेली. तिथले प्राध्यापक इंगोल्ड यांनी तिला काही स्फटिक दिले. पदार्थ असा की बेंझीनच्या सहाही हायड्रोजनच्या जागी एकेक कार्बनचा गट. सहाच्या सहा टोप्या घातलेलं कडं म्हणा ना. बेंझीन स्वतः साडेपाच अंशांवर द्रव होतं. हा पदार्थ नेहमीच्या तापमानाला घट्ट असल्यानं सोयीचा.

स्फटिकावर क्ष-किरण टाकले की ते ठरावीक दिशांना विखुरतात आणि फोटोच्या पट्टीवर ठिपके उमटतात. कोणता ठिपका किती ठळक, यावरून अणू कुठे असतील याचा हिशेब करायचा. संगणक नव्हता. कागद, पेन्सिल आणि लॉगची कोष्टकं. १९२९ मध्ये तिचा सविस्तर निबंध आला. कड्यातले सहाही कार्बन एकाच पातळीत आहेत, आकार सपाट षट्कोनाचा आहे, आणि सहाही बाजू सारख्या आहेत. त्यांत छोटी-मोठी असा भेदच नाही.

आज त्या बाजूंची लांबी अधिक काटेकोर माहीत आहे. सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम. कार्बन-कार्बन एकेरी बंध १.५४ अँगस्ट्रॉम, दुहेरी १.३४, आणि बेंझीनच्या सहाही बाजू साधारण १.३९. एकेरीपेक्षा आखूड, दुहेरीपेक्षा लांब. म्हणजे केकुले म्हणाला तसे बंध जागा बदलत पळत नाहीत. तीन दुहेरी बंधांचे जे जास्तीचे सहा इलेक्ट्रॉन, ते कोणा दोघांच्या मालकीचे नसून सहाही कार्बनच्या सामाईक मालकीचे आहेत, कड्याच्या वर आणि खाली पसरलेले. म्हणूनच आता षट्कोनात तीन जोडरेघांऐवजी एक वर्तुळही काढतात. ही पद्धत १९२५ पासूनची.

भूक नसण्याचं कारणही इथेच आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत हार्वर्डमध्ये बेंझीनला हायड्रोजन जोडताना किती उष्णता बाहेर पडते ते मोजलं गेलं. तीन साधे दुहेरी बंध असते, तर ठरावीक वजनाला सुमारे ८६ किलोकॅलरी उष्णता सुटायला हवी होती. सुटली सुमारे ५०. उरलेल्या ३६ किलोकॅलरींइतकं बेंझीन आधीपासूनच निवांत होतं. सहा इलेक्ट्रॉन वाटून घेतल्यानं त्याला स्वस्थता लाभलेली. ब्रोमीन जोडून घेऊन ती मोडायला ते तयार होत नाही.

लॉन्सडेल पुढे फॅरडेच्याच रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये कामाला आली. १९४३ मध्ये युद्धविरोधी मतांमुळे तिनं नागरी संरक्षणासाठी नाव नोंदवायचं नाकारलं, दंडही भरला नाही आणि महिनाभर तुरुंगात राहिली. १९४५ मध्ये रॉयल सोसायटीनं पहिल्यांदाच दोन स्त्रियांना सदस्य करून घेतलं. त्यांतली एक ती.

कडं प्रत्यक्ष ‘दिसलं’ ते २००९ मध्ये. झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत उणे २६८ अंशांच्या थंडीत, टोकावर एकच रेणू चिकटवलेल्या अतिसूक्ष्म सुईनं एक रेणू चाचपडून त्याचं चित्र घेतलं गेलं. तो रेणू होता पेंटासीन, एका ओळीत जोडलेली पाच कडी. चित्रात पाचही षट्कोन मोजता येतात.

या कड्यानं जगात बरंच बरंवाईट केलं. केकुलेच्या हाताखाली शिकलेल्या आडोल्फ बायरनं १८८३ मध्ये निळीच्या रेणूची रचना सोडवली, त्यातही बेंझीनची दोन कडी आहेत. १८९७ मध्ये बीएएसएफ या जर्मन कंपनीनं कारखान्यातली नीळ बाजारात आणली आणि बिहारमधल्या निळीच्या मळ्यांचा धंदा बसला. मळेवाल्या गोऱ्यांनी आपला तोटा कुळांच्या माथी मारला. १९१७ मध्ये गांधीजी चंपारणला गेले ते याच कुळांची गाऱ्हाणी ऐकायला.

घरातही ही कडी पुष्कळ आहेत. हळदीचा पिवळा रंग, ओव्याचा आणि लवंगेचा वास, मिरचीचा तिखटपणा, तापावरचं पॅरासिटामॉल, या सगळ्यांच्या रेणूंत बेंझीनचं कडं आहे. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या नॅफ्थॅलिनच्या असतील तर दोन कडी एका बाजूनं जोडलेली. दुसऱ्या प्रकारच्या गोळ्यांमध्ये एकच कडं असतं आणि त्यावर क्लोरीनच्या दोन टोप्या समोरासमोर. त्या अगदी समोरासमोर आहेत म्हणूनच गोळी वळता येते: हा पदार्थ ५३ अंशांपर्यंत घट्ट राहतो. त्याच दोन टोप्या शेजारी किंवा एक सोडून बसवल्या, तर नेहमीच्या तापमानाला नुसता द्रव.

नुसतं बेंझीन मात्र विषारी आहे. त्याच्या वाफा वर्षानुवर्षं श्वासात गेल्या तर रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. पूर्वी कारखान्यांत ते बिनदिक्कत वापरायचे. आता पेट्रोलमध्येही त्याचं प्रमाण शेकडा एकापेक्षा जास्त नसावं असा आपल्याकडे नियम आहे. म्हणून म्हटलं, फ्रिजमध्ये ठेवायचं नाही.

करायचं असेल तर हे करा. कागदावर षट्कोन काढा आणि तीन वेगळ्या रंगांच्या टोप्या, लाल, पांढरी आणि हिरवी, सहापैकी तीन जागी बसवून बघा. कडं फिरवून किंवा उलटं करून जे सारखे दिसतील ते एकच धरायचे. वेगवेगळे प्रकार दहा व्हायला हवेत. नऊ आले तर एखादा निसटला, अकरा आले तर एक दोनदा मोजला गेला, पुन्हा मोजा.